घंटेने खाल्लेला ऊकार

सांत-ओडील, मेन
१७ नोव्हेंबर १९६८

ये. म. यो.

ती. झेलियाताईस,

शि. सा. न. वि. वि. गुडघ्यांमुळे साष्टांग मनातल्या मनातच घातला आहे, तो धरून घ्यावा. वर येशू-मरिया-योसेफ लिहिल्याशिवाय पत्र सुरू केलं तर सिस्टर हातावर पट्टी मारतील असं मला या वयातही वाटतं, म्हणून तेही लिहिलं.

ओनेझीमला जाऊन सहा महिने झाले. मृतांच्या दिवशी रेजिनाल्ड आणि सूनबाई लोरेन कनेक्टिकटहून आले, कबरीवर फुलं ठेवली, आणि जेवण झाल्यावर माझा मुलगा खिडकीपाशी उभा राहून आपल्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या वाटेकडे बघत बसला. बाबा नाहीत, आता हिवाळ्यात ही वाट कोण उघडी ठेवणार, म्हणाला. मी म्हटलं, मी. त्यावर दोघं हसली. लोरेनने हसू रुमालात लपवलं, पण रुमाल छोटा होता.

शेवटी असं ठरलं. हा एक हिवाळा मला दिला आहे. घर तापवायचं तेल आणणाऱ्या फोर्चुनाचा ट्रक दारापर्यंत न पोचता एकदा जरी परत वळला, तर घराला कुलूप, आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत. त्या खोलीची खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीवर उघडते. लोरेन मनाने चांगली आहे, पण सकाळी नाश्त्यालाच टेलिव्हिजन लावते. फोर्चुनाला हेरगिरीला नेमलंय. काही झालं की त्याने रेजिनाल्डला फोन करायचा.

तर मी ओनेझीमचा बागेतला ट्रॅक्टर बाहेर काढला. उन्हाळ्यात गवत कापतो तोच, हिवाळ्यात पुढे पातं लावायचं. ते पातं कशाचं आहे ठाऊक आहे का? आपल्या कॉन्व्हेंटच्या न्हाणीघरातली पाण्याची टाकी. शाळेने ती मोडीत काढली तेव्हा ओनेझीमने उचलून आणली, उभी चिरली आणि खालच्या कडेला बटाटे काढायच्या यंत्राचा जुना रबरी पट्टा ठोकला, म्हणजे वाटेची खडी खरवडली जाऊ नये. ज्या टाकीने जन्मात कोणाला गरम पाणी दिलं नाही, ती शेवटी थंडीच्याच कामाला आली.

पहिल्या दिवशी चार बोटं बर्फ पडला आणि चाकं जागच्या जागी फिरत बसली. मग उमगलं की ओनेझीमच्या वेळी मागचं वजन ओनेझीमच होता. मी म्हणजे चिमणी. आता मागे बटाट्याचं पिंप बांधून त्यात खडी भरली आहे आणि त्याला ओनेझीम म्हणते. स्वभाव तसाच. हलत नाही, बोलत नाही, पण असला की बरं वाटतं.

लहानपणी बाबांच्या घोड्यांमागे लाकडी पातं तूच धरायचीस, आणि पुढे मठातही तीस हिवाळे बर्फ तूच काढलास. तेव्हा काय ते आगमनकाळाच्या आधी लिहून कळव.

लोभ कमी करू नये, बहीण ट्रॅक्टर चालवते म्हणून.

तुझी
लेओंतीन

*

मातृमठ
२९ नोव्हेंबर १९६८

ये. म. यो.

चि. लेओंतीनला अनेक आशीर्वाद.

रविवारी आगमनकाळ सुरू होतो. त्यानंतर नाताळपर्यंत इथून पत्र जायचं नाही आणि आलेलं हाती पडायचं नाही. शेवटची टपालाची थैली घेऊन मदर सुपिरिअर माझ्या खांद्याशी उभ्या आहेत, म्हणून घाईघाईत लिहिते.

त्या टाकीला माझा नमस्कार सांग. तिने मला शाळेची सगळी वर्षं बर्फाच्या पाण्याने धुतलं आहे. तिला आता बर्फात नाक खुपसून फिरावं लागतं, हे ऐकून जे वाटलं ते शनिवारी पापनिवेदनात सांगेन.

आता कामाचं. पातं जमिनीला टेकवू नकोस, खाली एका धिरड्याएवढी, आपल्या प्लॉयच्या जाडीची फट राहू दे. बर्फ थांबायची वाट बघू नकोस, पडत असतानाच एक फेरी मार. पिंप सुटलं तर उतारावर तुझ्या पुढे जाईल, जिवंतपणी ओनेझीम कधी गेला नाही तरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगते, म्हणजे लक्षात राहील. पहिला बर्फ वाटेच्या अगदी काठाला लागून रचून ठेव

*

सांत-ओडील
१९ डिसेंबर १९६८

ये. म. यो.

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या हाती नाताळातच पडणार, तरी लिहिते, कारण फुशारकी शिळी झाली की मजा जाते.

तुझं पत्र सहीशिवाय आलं. घंटा झाली असणार. घंटा वाजली की अक्षर अर्धं टाकून उठायचं, देव बोलावतोय, हे आपल्या डोक्यात सिस्टरांनी इतकं भरलं की मी लग्नानंतर कितीतरी वर्षं दारावरची घंटा वाजली की तव्यावरचा प्लॉय करपू द्यायची. निदान या खेपेला घंटेने सूचना तरी पुरी होऊ दिली.

तुझं ऐकलं. पहिला बर्फ घोट्यापर्यंत होता, दुसरा गुडघ्यापर्यंत. सगळा वाटेच्या काठाला लागून असा रचला आहे की बघत राहावं. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, जणू वहीचा समास आखलाय. जिथे कड वाकडी झाली तिथे खाली उतरून फावड्याने नीट केली. सिस्टर मार्गरीतने पाहिलं असतं तर सुवाच्य असा शेरा दिला असता.

फोर्चुना तेल घेऊन आला, ट्रकमधून उतरला आणि टोपी मागे सरकवून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, वहिनी, दिसायला झकास आहे, लग्नाची वरात जाईल इथून, पण जरा लांब ढकलत जा. हिरवळ काय उन्हाळ्यासाठी राखून ठेवलीत का? मी त्याला ऐकवलं की माझी सख्खी बहीण जोगीण आहे, तीस हिवाळे तिने बर्फ काढला आहे आणि तिने लिहून कळवलं आहे. त्याने टोपी पुन्हा पुढे ओढली आणि नळी उचलली. जोगिणीशी वाद घालण्यापेक्षा या थंडीत उघड्या हाताने तेलाची टाकी भरलेली बरी, एवढं पुटपुटला.

नाताळच्या रात्री माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव, ओनेझीमसाठी एक. पिंपाला नको.

तुझी
लेओंतीन

*

मातृमठ
२७ डिसेंबर १९६८

ये. म. यो.

चि. लेओंतीनला आशीर्वाद, आणि आधी हे वाच.

ठेवू नकोस. लेओंतीन, ठेवू नकोस. काठाला लागून रचून ठेवू नकोस, असं मी लिहीत होते. व लिहून झाला, ऊकार द्यायला लेखणी वळवली आणि घंटा वाजली. मी लेखणी खाली ठेवली. एकोणपन्नास वर्षं ठेवते आहे, हात आपला आपण थांबतो. मदरांनी पत्र उचललं, शाई वाळायच्या आत थैलीत. मी आगमनकाळभर प्रार्थना केली की तुला संशय येईल. तुला कशाचा संशय आला असता म्हणा. तू वर्गातही सांगितलेलं सगळं करायचीस.

बर्फाच्या भिंती जागच्या जागी राहत नाहीत. प्रत्येक वादळाचा थर आतल्या अंगाला बसतो आणि वाट आवळत जाते. म्हणून पहिला बर्फ पार हिरवळीवर, ओबडधोबड, जाईल तितका लांब ढकलायचा, जागा करून ठेवायची. समास तूच म्हणालीस. तो रिकामा सोडायचा असतो, त्यातच लिहायचं नसतं.

पापनिवेदनात फादरांना सगळं सांगितलं. पडद्याआडून ते म्हणाले, हे कोणत्या आज्ञेखाली घालू तेच कळत नाही, आणि नाक शिंकरायला लागले. हसत होते.

जमेल तेवढं फावड्याने मागे सार. आता ते गोठून दगड झालं असेल.

रोममधून नवे नियम आले आहेत, वर्षाला एक आठवडा घरी जायला मुभा आहे. मी अजून अर्ज केलेला नाही. वीस-बावीस वर्षांची असताना ज्या दारातून निघाले, त्यात या वयात शिरायचं म्हणजे कुठल्या खुर्चीवर बसायचं हेसुद्धा विचारावं लागेल.

तुझी अपराधी
झेलिया

*

सांत-ओडील
१९ जानेवारी १९६९

ये. म. यो.

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दोन तास हसले. मग बाहेर गेले आणि हसू थांबलं.

भिंती माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत. पातं भरतं, पण बर्फ टाकायला जागा नाही. भिंतीला धडक दिली की टाकी वर चढते आणि ट्रॅक्टर मागच्या पायांवर उभा राहायला बघतो. परवा फोर्चुना आला तो दोन्ही आरसे मिटून, आणि परत जाताना वळायला जागा नाही म्हणून मोठ्या रस्त्यापर्यंत उलटा गेला. तो म्हणाला, वहिनी, पुढच्या खेपेला ट्रकला साबण लावून आणतो. मी फोनबद्दल विचारलं. आज पोचलो की नाही, पोचलो, म्हणाला, मग फोन कशाला. पण डोळे चोरत होता. पुढची खेप मेणबत्त्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, तीन फेब्रुवारीला, आणि मधे आणखी एक वादळ सांगितलं आहे.

लोरेनने त्या खोलीच्या पडद्यांच्या कापडाचे तुकडे पाठवलेत, रंग निवडायला. तीन तुकडे, तिन्ही पिवळे.

ताई, मला बर्फाची भीती वाटत नाही. इथे काळोखात उठले तरी हात आपला आपण कॉफीच्या डब्यावर पडतो. तिथे दुसऱ्याचं कपाट उघडताना मी आधी खाकरणार, आणि मरेपर्यंत खाकरत राहणार.

तू अर्ज कर. वाक्य तुझं होतं, पुरं करायला ये. खुर्ची कुठली ते मी सांगेन.

तुझी
लेओंतीन

*

सांत-ओडील
४ फेब्रुवारी १९६९

चि. रेजिनाल्डला आईचे अनेक आशीर्वाद. लोरेनलाही.

काल रात्री फोर्चुनाने तुला फोन केला असेलच, तरी त्याचं बोलणं म्हणजे दोन शब्द आणि एक खोकला, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझी झेलियामावशी आली आहे. गुरुवारी बसमधून उतरली, हातात एक छोटी पिशवी. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून, पाणी पिऊ का, असं तिने मला विचारलं. मी पाठ फिरवून चुलीशी काहीतरी शोधल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी मात्र तिने पावाला लावायच्या क्रेतोंचं, डुकराच्या खिम्याचं, अख्खं भांडं संपवलं आणि मीठ कमी आहे म्हणाली.

तिने झग्याखाली तुझ्या बाबांची लोकरी विजार चढवली, डोक्यावरचं वस्त्र कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी मागे अडकवलं आणि ट्रॅक्टरवर बसली. मी भिंतींचे माथे फावड्याने पाडायचे, तिने तो ढिगारा पात्याने लांब न्यायचा. शुक्रवार, शनिवार असे गेले. रविवारी काम करावं का, अशी मला शंका आली, तर ती म्हणाली, खड्ड्यात पडलेला बैल रविवारी काढायला येशूची हरकत नाही, आणि आपण दोघी मिळून एक बैल होतोच.

देवळातली मिसा आटोपून परत कामाला लागलो. कोठारासमोर भिंत मी कमरेइतकी खाली आणली होती आणि ती पातं लावून येत होती, इतक्यात देवळाची बाराची घंटा झाली. तुझ्या मावशीने हात सोडले, जोडले आणि मान खाली घातली. ट्रॅक्टरने कुठल्या शपथा घेतलेल्या नाहीत. तो भिंतीतून आरपार गेला, हिरवळीवरून गडगडला आणि सफरचंदाच्या झाडाला टेकून थांबला. मी किंचाळत धावले. तिने आधी प्रार्थना पुरी केली, मग डोळे उघडले, आणि मागे वळून बघत म्हणाली की भगदाड चांगल्या जागी पडलं आहे.

खरंच चांगल्या जागी होतं. संध्याकाळपर्यंत रुंद केलं. काल फोर्चुना दारापर्यंत आला, टाकी भरली आणि त्याच जागेत ट्रक फिरवून सरळ तोंडाने गेला. जाताना त्याने भोंगा वाजवला.

तेव्हा पडदे राहू देत.

तुझी
आई

*

सांत-ओडील
१६ फेब्रुवारी १९६९

ये. म. यो.

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

बुधवारी कपाळाला राख लागून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की पुन्हा टपाल बंद, म्हणून आजच लिहिते. तू गेल्यावर काय झालं ते ऐक.

फोर्चुनाने फोन केला होता. मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, ट्रक वळला. लाइन खरखरत होती. रेजिनाल्डने ऐकलं, परत वळला. त्याने आभार मानून फोन ठेवला. माझं पत्र पोचायच्या आधीच तो निघाला, गाडीत तीन रिकाम्या बॅगा, माझं सामान भरायला. आणि वाटेत वादळाने गाठलं. इतका बर्फ ओनेझीमनेही पाहिला नव्हता.

रविवारी दुपारी मोठ्या रस्त्यावरून भोंगा ऐकू यायला लागला, थांबेचना. गावाच्या बर्फ काढायच्या यंत्राने वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घातला होता, त्यात माझ्या मुलाची शहरी गाडी नाकापर्यंत रुतली होती. मी ट्रॅक्टर काढला. तासाभराने त्याच्यापर्यंत पोचले. त्याने काच खाली केली आणि मला बघितलं, बाबांची टोपी, बाबांचा कोट. म्हणाला, आई, उतर खाली, मी चालवतो. मी म्हटलं, तुझे बूट बघ आधी. तू माझ्या मागून ये, आणि मध्येच थांबू नकोस.

मागे वळून बघितलं नाही, पण गाडीचा आवाज सारखा पाठीशी होता. अंगणात आल्यावर तो उतरला आणि बराच वेळ त्या वळायच्या जागेकडे बघत राहिला. हे काय, म्हणाला. म्हटलं, ही तुझ्या मावशीची प्रार्थना.

रस्ते बंद, त्यामुळे पाच दिवस राहिला. बॅगा ओसरीतच होत्या, आम्ही दोघं त्यांना वळसा घालून ये-जा करायचो. तिसऱ्या दिवशी मी अजून कॉफी ओतत होते तेव्हा तो गुपचूप जाऊन ट्रॅक्टर चालवून आला. आत येऊन ओव्हनच्या दारावर पाय ठेवून बसला आणि कुरकुरायला लागला. पात्याची दिशा बदलायची तर दर वेळी खाली उतरून खीळ काढायची, बर्फात गुडघे टेकायचे, दुसरीकडे लावायची, हे काय बाबांनी करून ठेवलंय? मी म्हटलं, तुझ्या बाबांना उतरायचं निमित्त हवं असायचं, पाइप ओढायला. त्यावर तो हसला, आणि मग त्याचे डोळे भरले. मी प्लॉय उलटवत राहिले. सगळे जाळीदार झाले, एकही करपला नाही.

शुक्रवारी निघाला. दोन बॅगांत बटाटे भरले आणि तिसरीत लोरेनसाठी कुट्टूचं पीठ. त्या खोलीत आता लोरेनचं शिवणयंत्र ठेवणार आहेत, हे त्याने बुटांच्या नाड्या बांधता बांधता, जमिनीकडे बघत सांगितलं. मी बरं म्हटलं. मी पुढे ट्रॅक्टर, तो मागे गाडी, असे मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. तिथे उतरून तो माझ्यापाशी आला. मला वाटलं गालाचा मुका घेईल. त्याने खिशातून टेप काढला आणि खिळेपासून माझ्या बसायच्या जागेपर्यंत माप घेतलं, दोनदा. म्हणाला, कारखान्यात एक दांडा बनवून घेतो, बसल्या जागेवरून ओढला की पातं फिरेल. ऑक्टोबरात आणून लावतो, बर्फाच्या आधी.

ऑक्टोबरात म्हणाला, ताई. हा फेब्रुवारी आहे.

लोभ आहेच. चाळीस दिवस न लिहिता तो टिकतो, हे आपल्या दोघींना चांगलं माहीत आहे.

तुझी
लेओंतीन