पाठमोरी खुर्ची

तीर्थरूप अण्णा,

कोमलला आणि आमच्या लेकीला कुरुंद्याहून, कोमलच्या माहेराहून, आणायला मी एकटाच निघालो आहे. तुम्ही शेतातल्या आखाड्यावर आहात. तोंडावर बोलायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

गाडीत मी मागे तोंड करून बसवलेली बाळाची खुर्ची तुम्ही काल उलटी फिरवलीत आणि बैलाच्या कासऱ्याने बांधलीत. कारण काय, तर "पहिल्यांदा घरी येणारं लेकरू पाठमोरं आणायचं न्हाई." मी अडवायला गेलो, तर चार माणसांत म्हणालात, "तुला मांडीवर आणलं, मेलास काय रं?" सगळे हसले. मीही हसलो. माझ्याच त्या हसण्याची मला सर्वांत जास्त चीड येते आहे.

मेलो नाही, अण्णा. पण ते माझे नशीब होते, तुमचे शहाणपण नव्हे. तिने अजून मान धरलेली नाही. झोपेत ती मुठी आवळते, जणू हाती आलेले काही सुटू नये. करकचून ब्रेक लागला, तर पाठमोऱ्या खुर्चीची पाठ तिला झेलील. कासरा झेलणार नाही.

खुर्ची मी पुन्हा पाठमोरी करून पट्ट्याने घट्ट आवळली आहे. कासरा गोठ्यात टांगला आहे. त्याला पुन्हा गाडीत आणू नका.

फाटकापाशी तिला उचलून, घराकडे तोंड करूनच आत आणीन. आईला भाकरतुकडा तयार ठेवायला सांगा. उंबऱ्यावर तिला पहिल्यांदा तुम्हीच घ्या. तिथपर्यंतच्या रस्त्यावर मात्र तिचा बाप मी आहे, आणि मी कुणाचेही ऐकणार नाही.

माऊली