समोरच्या घराची पाळी

३ फेब्रुवारी
समोरच्या घरात कुणी राहत नाही. पण आज तिथे उशांचे अभ्रे वाळत होते!

मी यादवीचा इतिहास लिहिते, भुताखेतांचा नाही – म्हणून सरळ घरमालकीण मावशींना विचारलं. "लढाईत गेले हो ते लोक. आपणहून गेले. येतील कधीतरी." आणि न मागता ताटात आणखी भाजी वाढली.

५ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या टेलरची मुलाखत. गल्लीतून तेवढं एकच कुटुंब गेलं – आई, बाप, तीन लेकरं. "कुणी हाकललं का?" त्याने सुई तोंडात धरली. आता बोलणार कसा! टाका पुरा झाल्यावर म्हणाला, "आम्ही पाळीपाळीनं झाडतो ते घर. वीस वर्षं झाली. शेजारधर्म."

६ फेब्रुवारी
बाबांचा फोन. "पुस्तक कुठवर आलं?" म्हटलं, एका घरापाशी अडलंय. "मग आत जा की!"

९ फेब्रुवारी
गेले. आज मावशींची पाळी होती आणि त्यांचे गुडघे धरलेत, म्हणून बादली घेऊन बरोबर गेले.

पाच अंथरुणं घातलेली. पाच पेले पालथे. दाराशी चपलांचे पाच जोड, चिमुकलेही. एक उचलून पाहिली – तळ कोरा करकरीत. कधी कुणाच्या पायात गेलीच नव्हती!

आत मावशी धाकट्याच्या पलंगावर वाकून चादर ओढत होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऊठ बाळा, उजाडलं." रिकाम्या गादीला!

रेकॉर्डर खिशातच राहिला.

१२ फेब्रुवारी
थोरली मुलगी सापडली! दुसऱ्या शहरात नर्स आहे. फोनवर सांगितलं, तुमचं घर शेजाऱ्यांनी जपलंय. "कुठलं घर?" दोनदा विचारलं तिने. मग म्हणाली, "येते."

मावशींना सांगितलं तर ताट तसंच टाकून त्या टेलरकडे गेल्या. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली त्या घरात – कुणी फरशी पुसतंय, कुणी काचा.

१५ फेब्रुवारी
ती आली. सगळे रस्त्यावर उभे. ती घरभर फिरली, भिंतींवरून हात फिरवला, आणि बाहेर येऊन फक्त माझ्याशी बोलली –

"अगदी हुबेहूब बांधलंय यांनी. आमचं घर यांनीच जाळलं होतं. बाहेरून कडी घालून. मी तेवढी खिडकीतून निसटले."