गप्पीदासाचे दहा सेकंद

९ नोव्हेंबर

धोबी गेला. म्हणजे आधी आला — शेपटी वरखाली करत तळ्याच्या दगडांवरून ठुमकत थेट कॅमेऱ्यासमोर आला — आणि मागून आमचे हे ओरडले, "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे!" उडाला.

उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली. आता बस नाही, तिकिटं नाहीत, पण कुणी दारात उभं दिसलं की ह्यांच्या घशात घंटा वाजते. मग तो प्रवासी असो की पाखरू. म्हटलं, "अहो, घरी बसायला काय होतं तुम्हाला?" तर म्हणे, "तू एकटी काठावर. पाय घसरला तर तुला काय बगळा उचलणार?"

कोपऱ्यावरचा औषधवाला आमच्या पक्षीवेड्या मंडळाचा म्होरक्या. त्याने या हिवाळ्यात खेळ लावलाय. जो जास्तीत जास्त जातींचे रानपक्षी टिपेल तो पहिला. पक्षी मोकळा हवा, निदान दहा सेकंद चौकटीत हवा, आणि माणसाचा आवाज नको. हिवाळा संपताना वाचनालयाच्या दालनात पडद्यावर दाखवणार. शेवटची अट वाचून झाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कसलं — माझ्या शेजारच्या खुर्चीकडे. खुर्ची म्हणाली, "आम्ही काय बोलतो? आम्ही तर नुसते पिशवी धरायला असतो."

१० नोव्हेंबर

पाणकावळा. पंख पसरून वाळत बसलेला, त्यामुळे उडाला नाही. तरीही शेवटी आवाज आलाच. "छत्री उलटी झाली बघ याची."

१७ नोव्हेंबर

कॅमेरा थोरलीने दिलाय. तिला नवा मिळाला म्हणून जुना आईला. माहितीपुस्तिका परक्या भाषेत. मी एकेक बटण दाबून काय बिघडतं ते बघत शिकले. शिवणयंत्रही असंच शिकले होते, आणि त्याच्यावर पुढे गावभरचे विरलेले कोट उलटे करून शिवून दिले.

संगणकावर चित्रफीत कापायलाही शिकले. कापडच ते. जिथे ह्यांची बडबड तिथे कात्री, उरलेलं जोडायचं. कापलेले तुकडे मात्र टाकले नाहीत, एका कप्प्यात ठेवले. कप्प्याचं नाव 'चिंध्या'. थोरली फोनवर हसली. "आई, ते पुसायचं असतं, साठवायचं नसतं." तिला काय कळणार. चिंधी टाकणारा शिंपी ठिगळाच्या वेळी रडतो.

शेकाट्या मिळाला आज. लांब लाल पाय, पाण्यात मोजूनमापून टाकलेली पावलं. कापून बारा सेकंद उरले. कापलेल्या चिंधीत — "अगं, हा तर आमचा तपासनीस! असाच यायचा, पाय उचलत, कुणाचं तिकीट नाही ते बघत."

हसू आलं मला. म्हणून कॅमेरा हलला. म्हणून बाराच उरले.

२४ नोव्हेंबर

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आज पंपघरामागच्या काटेरी झुडपांत गप्पीदास दिसला! काळं डोकं, छाती नारिंगी, झुडपाच्या अगदी शेंड्यावर. क्षणात खाली किडा टिपतो, क्षणात परत शेंड्यावर. दोन गारगोट्या ठोकल्यासारखा बोलतो. मंडळातल्या मुख्याध्यापिका बाईंना अजून मिळालेला नाही. त्यांच्याकडे तोफेएवढं भिंग आहे, तिपाई आहे, खुर्चीसुद्धा आहे. माझ्याकडे नवरा आहे.

चार सेकंद झाले आणि "कुठंय? कुठंय गं? मला दिसत नाही."

घरी येईपर्यंत मी बोलले नाही. ह्यांनी दोघांच्या वाटणीचं बोलून घेतलं.

२९ नोव्हेंबर

उपाय सापडला. सकाळच्या धुक्याने ह्यांना खोकला होतोय, म्हणून औषधवाल्याने चोखायच्या गोळ्या दिल्या. तोंडात गोळी असली की माणूस बोलत नाही! मीच पाकीटभर आणल्या. तळ्याची वाट लागली की एक हातावर ठेवते.

३० नोव्हेंबर

खंड्या. निळा, जवळ, स्थिर. मी श्वास रोखलेला. मागे कागद — चुर्र, चुर्र, चुर्र. गोळीचं वेष्टन उलगडणं चाललं होतं, हळूहळू, मला त्रास नको म्हणून. झटकन उलगडलं असतं तर एकदाच वाजलं असतं.

खंड्या गेला. "गोड आहे गं," म्हणाले.

८ डिसेंबर

आता वेष्टनं घरीच काढते. गोळ्या डबीत.

तुतवार मिळाला, टिबुकली मिळाली, वेडा राघू मिळाला. हे बोलतात अजून, पण कुजबुजून. म्हातारपणी का होईना, माणसाला वळण लागतं. मी एवढं डोकं फोडलं त्याचं चीज झालं. मुख्याध्यापिका बाईसुद्धा म्हणाल्या, "काय हो, कंडक्टर आज गप्प?" मी म्हटलं, "शिकवलंय." मान ताठ करून म्हटलं.

१५ डिसेंबर

गप्पीदास — सहा सेकंद. या वेळी ह्यांचा दोष नाही. कुत्रं.

१९ डिसेंबर

गप्पीदास — आठ सेकंद. खोकला. आता मात्र कमाल झाली. पक्षी शेंड्यावर बसेपर्यंत हा माणूस खोकत नाही, आणि बसला की ह्यांचा घसा जागा होतो. म्हटलं, "उद्यापासून मी एकटीच येणार." ह्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि काहीतरी पुटपुटले. ऐकू आलं नाही. विचारलंही नाही. मी रागात होते.

२० डिसेंबर

एकटी गेले. काठावर पाय घसरला. पडले नाही, पण घसरला. घरी सांगितलं नाही.

२ जानेवारी

औषधवाला दुकानात म्हणाला, "काकू, काकांना गोळ्या किती दिवस देताय? आवाज इतके आठवडे बसलेला बरा नाही. दाखवून घ्या." म्हटलं, "आवाज बसलेला नाही हो, मी बसवलाय." तो हसला नाही.

घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणाले, "थंडी आहे. थंडी गेली की जाईल." माझ्या मनातलंच बोलले. विषय संपला.

७ जानेवारी

संगणक भरला. थोरली म्हणाली, "चिंध्या पूस आता, आई." म्हटलं, पुसण्याआधी एकदा बघून घ्यावं, चुकून चांगला तुकडा गेला असला तर. दुपारी कानात ऐकायची बोंडं घालून बसले. सगळ्या चिंध्या एकामागून एक, ज्या क्रमाने कापल्या त्या क्रमाने.

धोब्याच्या वेळी — "पुढे जागा आहे!" — कानठळ्या बसल्या. भरलेल्या बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. पाणकावळा, तोच आवाज. तपासनीसही तोच. गप्पीदास पहिल्यांदा दिसला तेव्हा "कुठंय" मधला शेवट फाटलाय. खंड्याच्या वेळी "गोड आहे" म्हणताना जाड कापडातून आल्यासारखा. तुतवारला फाटलेला. टिबुकलीला अर्धे शब्द गेलेले. पुढचा तुकडा लावला तर ओठ वाजतात, आत आवाजच नाही. मी बोंडं दाबून बसवली. बोंडं नीटच होती.

कुजबुजत नव्हते. बोलतच होते ते. आपल्या नेहमीच्या जोराने.

रोज शेजारी बसणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही. कोट रोज अंगात असला की विरतो कधी ते कळतं का? कानावर हात ठेवून दोन महिने मी पाखरांची शीळ ऐकली. काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि वर गोळ्या चोखायला दिल्या — मी, माझ्या हाताने, गप्प बसावेत म्हणून.

हे आत आले. चहा हवाय का असं हातानेच विचारलं. मी रागावलेच. "तोंडाने विचारा ना," म्हटलं.

९ जानेवारी

घशाच्या डॉक्टरीणबाई. वयाने आमच्या थोरलीपेक्षा लहान. विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय, काका?"

हे म्हणाले, "चार दिवस. सर्दी."

मी म्हटलं, "खोटं. गप्पीदासापासून फाटला. वेड्या राघूपासून गेला."

त्यांनी लेखणी थांबवली. "म्हणजे कधी?"

तारखा सांगितल्या. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना विनातिकीट पकडलं.

नाकातून नळी घातली. तिच्या टोकाला कॅमेरा — वाटाण्याएवढा, आणि चित्र कसं स्वच्छ! मी आयुष्यात इतकं स्थिर टिपलं नाही. पडद्यावर आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडतात, मिटतात. त्यातल्या एकीवर गाठ. दहा सेकंदांपेक्षा जास्त चौकटीत राहिली. उडाली नाही.

१० जानेवारी

काढावी लागणार. काढून तपासणार. "आवाज?" मी विचारलं. "आधी माणूस, मग आवाज," म्हणाल्या. बरोबरच आहे. पण माणूस कुठला नि आवाज कुठला हे आमच्या घरात कुणाला वेगळं करता आलंय?

बाहेर आल्यावर ह्यांना म्हटलं, "कळत होतं ना तुम्हाला?" मान हलवली. "मग बोलला का नाहीत?" खरखरत म्हणाले, "तूच तर म्हणायचीस, बोलू नका."

थट्टा करत होते. मला नाही हसू आलं.

१८ जानेवारी

झालं. झोपलेत. थोरली आली आहे. ह्यांच्या पायांच्या बाजूला बसून माझे हात चोळते, जसं काही माझंच काही कापलंय.

२५ जानेवारी

अहवाल आला. गाठ वाईटच होती. पण पसरली नव्हती, सगळी निघाली. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी थंडी जायची वाट बघितली असती तर वेगळं झालं असतं." वर्षभर दाखवत राहायचं. आणि आता काही दिवस पूर्ण मौन.

औषधवाला भेटायला आला. मी त्याच्यासमोर रडले. तो म्हणाला, "काकू, गोळ्या मीच विकल्या." मग दोघंही डबीकडे बघत बसलो.

३१ जानेवारी

मौन म्हणजे शांतता असं ज्याला वाटतं त्याने आमच्या घरी यावं. चहा हवा — चमच्याने पेल्यावर टोले. वर्तमानपत्र हवं — टाळ्या. पाटी आणून दिली तर तिच्यावर उपदेश. "दूध उतू." मी वाचेपर्यंत गेलं उतू. भांडणही धड होत नाही. मी बोलते, हे लिहितात, मी चष्मा शोधते, तोवर राग उतरतो.

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थोडं थोडं बोला. आवाज पहिल्यासारखा येणार नाही, पण वापरला नाही तर अजिबात येणार नाही.

हे बोलत नाहीत.

९ फेब्रुवारी

ह्यांनी मोरीत दार लावून एकदा बोलायचा प्रयत्न केला. मी बाहेरच होते. नुसती हवा गेल्यासारखं काही ऐकू आलं. मग नळ सोडला, जोरात. बाहेर आले ते पाटी घेऊनच.

१४ फेब्रुवारी

गोड बोलून झालं, रागावून झालं, थोरलीने फोनवर विनवून झालं. पाटीवर — "पाटीने भागतं." भागतं म्हणे! भाजीवाल्याशी घासाघीस पाटीवर, शेजाऱ्याला नमस्कार पाटीवर. ज्या माणसाने भरली बस नुसत्या हाकेवर रिकामी केली, तो आता दारात कुणी आलं की आतल्या खोलीत जातो. मी पाटी लपवली. तर बोटाने टेबलावरच्या धुळीत लिहिलं — "पुस."

पुसलं. डोळे आणि टेबल, दोन्ही.

२१ फेब्रुवारी

मंडळाचा खेळ येत्या रविवारी बंद. मुख्याध्यापिका बाई पुढे आहेत. मला त्याचं काही राहिलेलं नाही. औषधवाल्याला सांगितलं, माझं नाव काढ. तो म्हणाला, "काकू, एक पक्षी कमी आहे तुमचा. गप्पीदास आणा, बरोबरीत याल." म्हटलं, "नको." घरी आले तर पाटीवर आधीच लिहून ठेवलेलं — "उद्या गप्पीदास. सकाळी. मी पिशवी धरतो." औषधवाल्याने फोन केला असणार. चहाडखोर.

२२ फेब्रुवारी

धुकं नव्हतं. पंपघराची भिंत उन्हात. मी झुडपासमोर, हे माझ्यामागे, पिशवी धरून. गोळी नाही, कागद नाही, खोकला नाही. पाटी मुद्दाम घरी ठेवलेली — मी लपवली नव्हती, ह्यांनीच ठेवली. गप्पीदास आला आणि शेंड्यावर बसला. छाती उन्हात पेटलेली. सहा, सात. इतकी शांतता त्या जागी मी कधी ऐकली नव्हती, आणि मला ती नको होती. आठ. नऊ.

मागून, लाकडावर करवत फिरावी तसं — "पुढे... सरका."

उडाला! नऊ सेकंद. बाद. सगळा हिवाळा वाया घालवला ह्या माणसाने.

ही चिंधी कापायची नाही.