गालातला चट्टा

बुलढाणा, मंगळवार, दिवेलागण

गालाच्या आतला पांढरा चट्टा तसाच आहे. जीभ सारखी तिथंच जाते.

सकाळी दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो, कान आपले चालूच. वडनेरचा म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मले काऊन होईन बे कॅन्सर? मी तंबाखू गिळतच नाही, थुकून टाकतो." धामणगावचा व्यापारी म्हणाला, "आमच्या घरात कोनालेच नाही झाला. मले काय्ची डर?" मनात हसू आलं. जो तो आपल्यापुरतं कारण घेऊन बसलेला.

मग माझा नंबर. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासायला पाठवू. "घरात कोणाला झाला होता का, शेठ?"

"आमच्या घरात कोनालेच नाही!" मी ताडकन बोललो. "पंक्चर नसताना ट्यूबले ठिगळ लावता का, साहेब?" तेही हसले. मी उठून आलो.

आता सायकलचं दुकान बंद करून बसलोय. घरात कोणाला नाही, हे मला कोणी सांगितलं? आईबाप कशानं गेले ते ठाऊक नाही. कळू लागलं तेव्हापासून लोकांच्या ओसरीवर झोपलो. हे दुकान एकट्यानं उभं केलं, ते सांगताना छाती फुगते. पण आईच्या तोंडात असा चट्टा होता का, हे विचारायला एक माणूस नाही. जीभ पुन्हा तिथंच.

उद्या जाऊन सांगतो, साहेब, मले काहीच मालूम नाही, काढा तुकडा.

सोबत कोण आलंय, एवढं त्यांनी विचारू नये.