गाडी मागे घेताना

तुमकूर, ४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अण्णास,
शरावतीचा वाकून नमस्कार.

काल मी एकाच माणसाला तीनदा चिरडलं. घाबरू नकोस, तो चष्म्यातला होता. आमच्या बहिऱ्यांच्या शाळेत फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, शिकवायला व्हीआरचा चष्मा आणलाय. डोळ्यांवर चढवला की समोर अख्खं गोदाम उभं राहतं. गाडी मागे घेताना मी मान वळवायला विसरते आणि एक टोपीवाला चाकाखाली येतो. मग उठून टोपी झटकतो. हल्ली मी सुरुवातीलाच त्याची माफी मागून ठेवते.

डोळे चष्म्यात, दोन्ही हातांत दांडे. सरांच्या खुणा मला दिसत नाहीत आणि माझे हात बोलायला मोकळे नाहीत. मला गप्प करणारं यंत्र अखेर निघालं, असं सर म्हणतात.

सोळाला खऱ्या गोदामात परीक्षा आहे. पास झाले तर तिथेच नोकरी. माया असू दे, आणि शेंगाचटणी पाठव.

तुझी शरा

चळ्ळकेरे, ९ फेब्रुवारी

चि. शरास,
अण्णाचे पोटभर आशीर्वाद.

चटणी पाठवलीय. पत्र वाचून तुझी वहिनी हसली, माझी मात्र झोप उडाली. चष्म्यातला माणूस उठतो बाई, खरा उठत नाही. मागून लॉरीने हॉर्न दिला तर तुला कोण सांगणार? लहानपणापासून रस्त्याने तुझ्यामागे मी चाललोय. गोदामात कोण चालेल? घाण्याच्या बैलासारखा मी एकाच गोष्टीभोवती फिरतो असं वहिनी म्हणते, आणि ते खरंच आहे. परीक्षा देऊ नकोस. सोळाला न्यायला येतो. आपल्या तेलघाण्यावर तुला हवं ते काम कर.

तुझा, अण्णा

तुमकूर, १७ फेब्रुवारी

ती. अण्णास नमस्कार.

सामान बांधलं, पण परीक्षाही दिली. पास झाले. मागून एक हमाल आडवा आला. मी वेळेवर थांबले, तरी सवयीने उतरून त्याची माफी मागितली. मुकादम बघतच राहिला.

मग संध्याकाळभर शाळेच्या फाटकाशी पेटीवर बसून होते. तू आला नाहीस. रुसलास का? तू नको म्हणालास तर मी नोकरी घेणार नाही. पण मला ती फार हवी आहे.

तुझी, शरा

चळ्ळकेरे, २० फेब्रुवारी

चि. शरास आशीर्वाद.

आलो होतो. तू परीक्षेला गेलीस हे शाळेत कळलं, तेव्हा रागारागात गोदामावर पोचलो. फाटकातूनच पाहिलं, तू गाडी मागे घेत होतीस आणि तो हमाल पोतं घेऊन येत होता. मी जीव खाऊन ओरडलो, शरा, थांब. इतकी वर्षं तुझा भाऊ आहे आणि तुला हाक मारतोय, माझ्यासारखा शहाणा मीच. सगळं गोदाम वळून माझ्याकडे बघू लागलं, तू सोडून.

तुला न भेटताच परतीची बस धरली. डोळे भरून आले होते, आणि ते तू वहिनीला कळवल्याशिवाय राहिली नसतीस.

नोकरी घे. माझ्या तोंडून हाक निघाली, त्याआधीच तू थांबली होतीस.

माया आहेच.
तुझा, अण्णा