शेवटची जोडी टांगेपर्यंत

६ नोव्हेंबर
आवाज गेला. डॉक्टरांनी बजावलंय — महिनाभर एक शब्द नाही, कुजबुजही नाही. चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईला बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहायला बसले.

तलासरीच्या रविवारच्या वर्गाचं काय? महिनाअखेर इंग्रजी कथाकथनाची स्पर्धा आहे. मुली भाताच्या कामातून उठून येतात. वर्ग एकदा मोडला की आईबाप पुन्हा पाठवणार नाहीत.

७ नोव्हेंबर
हेमांगीला बोलावलं. समुद्रकाठच्या धाकटी डहाणू गावची, माझीच जुनी विद्यार्थिनी, आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पाटीवर लिहिलं — तू शिकव, मी मागे बसते.
“बाई, तुम्ही मागे बसलात तर माझा पण आवाज जाईल.”
आली मात्र.

९ नोव्हेंबर
नमुना म्हणून हेमांगीने आजोबांच्या होडीची गोष्ट इंग्रजीत सांगितली. सगळी वर्तमानकाळात! आजोबा होडी लोटतात, वारा फिरतो, आजोबा देवाला शिव्या देतात. मी डस्टर आपटला. पाटीवर लिहिलं — घडून गेलं ते भूतकाळात. तिने निमूट पहिल्यापासून सांगितली. लोटली, फिरला, दिल्या. पंचनामा वाचल्यासारखी. मुली जांभया द्यायला लागल्या.

त्यात रूपीचा बाप लडक्या दारात. “बाई बोलतच नाय तं पोरीला कशाला पाठवू? भाताच्या झोडणीला माणूस कमी हाय.” पाटीवर एका रविवारची मुदत मागितली, हेमांगीने वाचून दाखवलं. तो ‘बरं’ म्हणाला, पण तोंड वाकडं करूनच.

रूपी वर्गातली सर्वांत चांगली. ती गेली तर बाकीच्याही जातील.

परतीच्या एसटीत हेमांगीला लिहून विचारलं — वर्तमानकाळाचा हट्ट का?
“हट्ट नाय बाई. आमच्याकडे बोंबील वाळत घालताना गोष्टी सांगतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी बांबूवर टांगायची. शेवटची जोडी टांगेपर्यंत गोष्टीतला माणूस चालूच. मध्येच मेला तरी मेला म्हणायचं नाय, सगळ्या उठून जातील. मग बोंबील कोण टांगणार?”
आवाज नव्हता, तरी हसले. घसा दुखला.

१० नोव्हेंबर
सकाळभर विचार केला. भूतकाळ चूक नाही. छापील गोष्टी बहुतेक त्यातच असतात. पण समोर बसलेल्या माणसाला धरून ठेवायचं तर हेमांगीची तऱ्हाही चूक नाही. चूक एकच — अर्धी गोष्ट एकात, अर्धी दुसऱ्यात. मुली तेच करतात. हेमांगीला निरोप पाठवला: मुलींना तुझ्या पद्धतीने सांगू दे. काळ मध्येच बदलला तर डस्टर आपटणार.

१६ नोव्हेंबर
हेमांगीने मुलींना पेंढा आणायला सांगितलं होतं. दोरी वळत वळत गोष्ट सांगायची, दोरी संपेपर्यंत थांबायचं नाही. कचरा भयंकर झाला. रूपीने वाघाची सांगितली. वाघ येतो, कुंपणाशी बसतो, म्हातारी त्याला हुसकते. मध्येच एकदा ‘वेन्ट’ — मी डस्टर आपटला. तिने न अडखळता ‘गोज’ केलं आणि पुढे गेली.

लडक्या तिला न्यायलाच आला होता. दाराशी उभा राहिला, मग उंबऱ्यावर बसला. इंग्रजी ओ की ठो कळत नाही, पण रूपी वाघासारखी गुरगुरली ते कळलं. रूपी थांबली तसा म्हणाला, “मंग, वाघ कुठं गेला?”
“अजून दोरी संपली नाय बा,” रूपी म्हणाली.
गोष्ट पुरी ऐकली आणि एकटाच घरी गेला. जाताना हेमांगीला म्हणाला, “झोडणी सांजच्याला करू.” मला काहीच नाही.

२३ नोव्हेंबर
वर्ग भरला. एक मुलगी वाढली.

३० नोव्हेंबर
स्पर्धा. रूपी दुसरी आली. परीक्षक म्हणाले, क्रियापदं पक्की आहेत. ते माझं. बाकी हेमांगीचं.

८ डिसेंबर
डॉक्टरांनी घसा तपासला. आवाज पूर्ण परत आलाय, खुशाल शिकवा म्हणाले. दुपारी धाकटी डहाणूला गेले. वर्गाच्या खोलीची किल्ली आणि खडूंची पेटी हेमांगीला दिली. डस्टरसुद्धा.