कमी वजनाची गाणी

४ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिस. बाजारात सात काटे तपासले. सहा बरोबर, एक अठरा ग्रॅम कमी. दुकानदार म्हणाला, साहेब, पंख्याच्या वाऱ्याने होतं. वारा नेहमी दुकानदाराच्याच बाजूने कसा वाहतो, हे मी वजनमापं खात्यात सत्तावीस वर्षं विचारतो आहे.
संध्याकाळी मेहुणी आली. हिचा, म्हणजे माझ्या बायकोचा, लॅपटॉप मागितला. दिला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
पार्श्वभूमी लिहून ठेवतो. पुढेमागे प्रश्न निघाला तर कागद हवा.
ही जाऊन चार महिने झाले. अकरा वर्षं ही लग्नांत, वाढदिवसांत, निरोपसमारंभांत गाणी वाजवायची. व्हिजिटिंग कार्डावर नावाआधी डीजे. मी त्यात कधी पडलो नाही. आपापलं खातं आपापल्याकडे. मेहुणी म्हणजे हिची धाकटी बहीण. सहा वर्षं हिच्या हाताखाली होती, आता एकटी कार्यक्रम घेते. बोर्ड मात्र हिच्याच नावाचा लावते. म्हणजे मापात खोट निघाली तर नाव हिचं जाणार.
मला एवढंच पाहायचं आहे. बाकी त्या लॅपटॉपमध्ये माझा जीव अडकलेला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
मेहुणीचा कार्यक्रम होता. एका मॅनेजरच्या निवृत्तीचं जेवण. न कळवता गेलो. तपासणी कळवून करायची नसते.
स्पीकरपासून दोन फुटांवर चाळीस मिनिटं उभा राहिलो. गाण्यात फसफस ऐकू आली. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. मेहुणीने मला पाहिलं आणि खुर्ची आणून दिली. खुर्ची दिली की माणूस बसतो आणि बसला की दूर जातो. मी बसलो नाही.
नंतर विचारलं, गाणी कशावर वाजवतेस? म्हणाली, फोनवर. फाइलचा आकडा काय? म्हणाली, बऱ्याचशा एकशेअठ्ठावीसच्या असतील.
घरी येऊन वाचलं. हा आकडा म्हणजे गाण्याच्या दर सेकंदात किती माल भरला ते. चांगल्या फाइलचा तीनशेवीस. म्हणजे शंभर ग्रॅम मागितल्यावर चाळीस ग्रॅम हातावर. एवढ्या तुटीवर मी दुकानाला सील ठोकलं असतं.
तिचा खुलासाही नोंदवतो. म्हणाली, भावोजी, लॅपटॉप माझ्याकडे नाही म्हणून फोनवर वाजवते. आणि फाइली एकवेळ राहू देत, मला ताईच्या खुणा हव्यात. प्रत्येक गाण्यापुढे तिने लिहून ठेवलंय. तेवीस तारखेला मोठं रिसेप्शन आहे, ताईने कबूल केलेलं शेवटचं काम. ते तिच्यासारखं झालं पाहिजे.
कसल्या खुणा ते विचारलं नाही. काटा पकडला की दुकानदारसुद्धा मुलाबाळांची चौकशी करू लागतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार
भाड्याने स्पीकर देणाऱ्याकडे गेलो. सगळे त्याला भोंगेवाला म्हणतात, तोही म्हणतो.
सरळ विचारलं, फाइलच्या दर्जाने फरक पडतो की नाही? हो किंवा नाही. तो वायर गुंडाळत म्हणाला, साहेब, एकशेअठ्ठावीस मोठ्या स्पीकरवर उघडी पडते, वरचे बारीक आवाज चिरके होतात, हे खरं. पण तीनशेवीसच्या पुढे कोणाचा बाप ओळखणार नाही. आणि हॉलमध्ये दोनशे माणसं बोलतायत, डोक्यावर पंखे, निम्मा आवाज भिंतीवर आपटून परत येतोय. तिथे तुम्ही चाळणी घेऊन काय बसणार?
विचारलं, ही कोणत्या वाजवायची? म्हणाला, ताई? हाताला येईल ती. पण कोणतं गाणं कधी वाजवायचं ते त्यांना कळायचं, बस.
आधी हो म्हणाला, मग नाही. असं बोलणारा माणूस दोन्हीकडून खातो. शिवाय मेहुणीला छोटी ताई म्हणतो. साटंलोटं स्पष्ट आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
लॅपटॉप उघडायचं ठरवलं. पासवर्ड नव्हता. मेहुणीला फोन केला. तिने लगेच सांगितला. फारच लगेच.
एकूण गाणी सहा हजार दोनशे चौदा. त्यातली एकशेअठ्ठावीसची साधारण दोन हजार. हिच्या लॅपटॉपमध्ये. ही असली गोष्ट ठेवणार नाही. भाजीसुद्धा दोनदा निवडायची. मेहुणीनेच कधीतरी आत सारली असणार.
यादीच्या शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं आहे. एक ओळ दिसली. ‘पहिलं कडवं संपलं की काकालोक उठतात, थांबायचं, कापायचं नाही.’ कोण काका? कुठे उठतात? तपासणीशी संबंध नाही. तो रकाना लपवला आणि वजनाचा रकाना मोठा केला. गाणं ३.८ एमबी. नोंद घेतली.
दहा वाजता झोपायचा संकल्प. पाळला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
निःपक्षपाती चाचणी. शेजारचे मास्तर, निवृत्त, गणित. दहा गाणी, प्रत्येक दोन प्रकारे, कोणता कोणता ते न सांगता. नवा हेडफोन आणला. हिचा आहे, पण त्याचा पट्टा हिच्या डोक्याच्या मापाला लावलेला आहे. तो सरकवायचा नाही.
मास्तरांना दहापैकी सात वेळा एकशेअठ्ठावीसचंच गाणं आवडलं. म्हणाले, यात गोंगाट कमी आहे. मग म्हणाले, तुम्ही जेवलात का? आमच्याकडे जास्तीचं झालंय.
नंतर आठवलं. मास्तरांच्या नातीच्या वाढदिवसाला मेहुणीने गाणी वाजवली होती. हितसंबंध. चाचणी रद्द. जेवण मात्र केलं.
मी स्वतः चाचणी दिली. दहापैकी चार बरोबर. पण मी जेवलेला होतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार
कान तपासून घेतले, म्हणजे माझ्या साक्षीवर कोणी बोट ठेवायला नको. डॉक्टरीणबाईंनी एका डब्यासारख्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा. बराच वेळ आवाज आलाच नाही, म्हणून मी ताठ बसून राहिलो. बाई म्हणाल्या, आठ हजार हर्ट्झच्या वरचं, म्हणजे बारीक आवाजातलं, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. वयाच्या मानाने ठीक आहे, काळजी करू नका.
एकशेअठ्ठावीसमध्ये वरचे बारीक आवाजच चिरके होतात, असं भोंगेवाला म्हणाला होता. म्हणजे निवृत्तीच्या जेवणात मी ऐकलेली फसफस मला ऐकूच येऊ शकत नाही, असं हे यंत्र म्हणतं.
मी विचारलं, यंत्राची शेवटची पडताळणी कधी झाली? शिक्का दाखवा. बाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.
नोंद: शिक्का दाखवला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ७
उपाय सापडला. कसा कोणाला सुचला नाही याचं नवल वाटतं. एक सॉफ्टवेअर आहे. त्यात एकशेअठ्ठावीसची फाइल टाकायची, पलीकडून अस्सल, पूर्ण दर्जाची फाइल बाहेर येते. तिला वेव्ह म्हणतात. एका गाण्यावर करून पाहिलं. आधी ३.८ एमबी, नंतर ४२. अकरापट वजन.
डोळे मिटून ऐकलं. फरक जमीन-अस्मानाचा.
तेवीस तारखेच्या आत सगळी गाणी भरून काढायची. मग लॅपटॉप मेहुणीच्या स्वाधीन. मी अडवणूक करणारा माणूस नाही, हे तिलाही कळेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार
रजा. लॅपटॉप चालू. तीन हजार गाणी झाली. पंखा घोंघावतो आहे. खाली पुस्तकं लावून उंच केला. दोनदा चहा.

२० फेब्रुवारी, गुरुवार
जागा संपली. लॅपटॉप म्हणतो, काहीतरी काढा. बरोबरच आहे. चांगला माल आला की जुना उचलायचा. ज्यांचं वजन भरलं त्या जुन्या फाइली पुसत गेलो, त्यांच्या जुळ्या प्रतींसकट. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. भेसळीचा माल दुकानात शिल्लक ठेवला तर तो परत काट्यावर येतो.
दुपारी साडेतीनला सहा हजार दोनशे चौदा पूर्ण. लपवलेला रकाना उघडून पाहिला. स्वच्छ, रिकामा. यादी कशी नीटनेटकी दिसते आता.
मेहुणीला फोन केला. म्हटलं, ने. एखादं गाणं जरी बेचाळीसच्या आसपास नसेल तर माझं नाव बदल. ती म्हणाली, भावोजी, थँक्यू, खरंच. आवाज भरून आला होता. सरळ माणसाने सरळ वागलं की समोरच्याला अपराधी वाटतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
संध्याकाळी मेहुणी आली. लॅपटॉप उघडला. खाली गेली, वर आली, परत खाली. मग म्हणाली, भावोजी, खुणा कुठे आहेत?
मी म्हटलं, कसल्या?
तिने सांगितलं. अकरा वर्षांत ज्या ज्या कार्यक्रमात जे जे गाणं वाजवलं, त्याच्यापुढे ही लिहून ठेवायची. कोणत्या सेकंदाला सुरू करायचं. कशानंतर लावलं की लोक खाली बसतात. कोणत्या गाण्याला रुसलेली माणसं उठतात. नवऱ्यामुलाच्या आईला रडू येतं ते कोणतं, आणि ते लावायचं की नाही. फाइलीच्या पोटातच लिहिलेलं होतं.
मी म्हटलं, बॅकअप असेल. म्हणाली, तो याच लॅपटॉपवर होता.
मी म्हटलं, दर्जा तर वाढला ना. तिने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे सरकवला.
ती गेल्यावर भोंगेवाल्याला फोन केला, दुजोऱ्यासाठी. म्हणाला, साहेब, अर्ध्या लिटर दुधात पाणी घालून पाच लिटर केलंत. दूध अर्धा लिटरच आहे. मोठ्या भांड्यात गेलं, एवढंच. आणि वेव्हच्या भांड्यात चिठ्ठी आपोआप जात नाही.
मग म्हणाला, तुम्ही तर हेच पकडता ना?
बिघाड लाइनमध्ये असावा. मी फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
अर्धा दिवस रजा. लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. पुसलेलं परत येतं असं वाचलं होतं. त्याने दोन तास घेतले. म्हणाला, आलं असतं, पण पुसलेल्या जागेवर तुमच्याच मोठ्या फाइली येऊन बसल्यात. पुसून लगेच थांबला असतात तर. मी विचारलं, काहीच नाही? म्हणाला, काका, काहीच नाही.
मेहुणीकडे गेलो. ती वही घेऊन आठवेल ते लिहीत बसली होती. साठ-सत्तर गाणी झाली होती. म्हणाली, बसा. तुम्ही यादी पाहिली होती ना? एखादी ओळ वाचलीत का? एक असली तरी सांगा.
म्हटलं, एक वाचली. काकालोक उठतात, थांबायचं, कापायचं नाही.
तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, हां, हे तिचंच बोलणं. कोणतं गाणं?
रोजनिशी बरोबर होती. तेरा तारीख काढली. वजन लिहिलं होतं. नाव लिहिलं नव्हतं.
ती म्हणाली, असू दे. पाणी हवंय का?

२३ फेब्रुवारी, रविवार
रिसेप्शन. दुपारचं होतं. मी लवकर जाऊन स्पीकरचे खोके उचलले. भोंगेवाला म्हणाला, साहेब, कमरेतून नका, गुडघ्यातून उचला. मेहुणीने फोन जोडला, वही शेजारी ठेवली. लॅपटॉप आणला नव्हता.
सुरुवात बरी झाली. तासाभराने तिने एक गाणं लावलं आणि मधली जागा रिकामी झाली. सगळे जेवणाच्या रांगेत. तिने माझ्याकडे पाहिलं. कशाला पाहिलं असेल? अकरा वर्षांत मी एकाही कार्यक्रमाला गेलो नव्हतो. हिने पहिल्या वर्षी तीनदा बोलावलं होतं. ऑफिस होतं. तिन्ही वेळा रविवार होता, हे आज लिहिताना लक्षात आलं.
मेहुणीने दोन गाणी बदलली. तिसऱ्याला काही बायका परत आल्या, मग मुलं, मग एक म्हातारे गृहस्थ ताट हातात घेऊनच. फाइल कोणती होती ते विचारलं नाही. स्पीकरशेजारीच उभा होतो. फसफस होती की नव्हती, सांगता येत नाही.
निघताना नवरीची मावशी आली. मेहुणीला म्हणाली, छान झालं हो. पण त्या दुसऱ्या ताई नाही आल्या? माझ्या मुलाच्या लग्नाला त्याच होत्या. मेहुणी म्हणाली, आज नाही जमलं तिला.
मी वायर गुंडाळत होतो. चुकीचं विधान समोर झालं तर मी ते तिथेच दुरुस्त करतो, खात्यात सगळ्यांना माहीत आहे. नाही केलं. मावशी म्हणाली, आमचा नमस्कार सांगा. मी म्हटलं, सांगतो.
साडेसहाला घरी. सकाळी मशीनला लावलेले कपडे तसेच ओले पडून होते, वास येत होता. दोन शर्ट, एक पँट, टॉवेल. परत साबण घालून लावले आणि स्टूल ओढून मशीनसमोर बसलो, संपेपर्यंत.